पाखरांचा वाटा

१

पुष्पी बोलत नव्हती, आणि त्यापायी विजयमालेची झोप उडाली होती.

पुष्पी म्हणजे पुष्पावती, तिची एकुलती एक लेक. मार्गशीर्षात तिला तीन वर्षं पुरी झाली. चालायला वेळेवर लागली, दात वेळेवर आले. हाक मारली की मान वळवायची, तांब्या आण म्हटलं की तांब्या आणायची. फक्त तोंडातून शब्द नाही. रडायचीसुद्धा आवाज न करता. ओठ थरथरायचे, गालावरून पाणी ओघळायचं, आणि ते दिसलं की घरच्यांना कळायचं, पोर रडतेय. कडेवर घेतलं की मात्र दोन्ही मुठींत आईचं मंगळसूत्र घट्ट धरायची, इतकं घट्ट की विजयमालेच्या मानेवर काळ्या मण्यांचे व्रण उठायचे. तेवढंच काय ते तिचं बोलणं.

कर्जतच्या डॉक्टरांनी कानामागे टाळ्या वाजवून पाहिल्या, जिभेखाली पाहिलं आणि सांगितलं की कान उत्तम आहेत, जीभ उत्तम आहे, काही मुलं उशिरा बोलतात. विजयमालेनं शहाण्यासारखी मान डोलावली. परत येताना एस.टी.त बसल्यावर तिच्या लक्षात आलं की विचारायचं तेच राहिलं. उशिरा म्हणजे किती?

खरं कारण तिला ठाऊक होतं. निदान अंथरुणात पडल्यावर तसं वाटायचं; सकाळी चूल पेटवताना तेच कारण खुळचट वाटे. दुष्काळाच्या सालात ती सरकारी कामावर खडी फोडायला जात होती. पुष्पी तेव्हा दीड वर्षाची. तिला एका बाभळीच्या बुंध्याला बांधायचं, ओल्या फडक्याचं टोक चोखायला द्यायचं, आणि रडायला लागली की हातोडा न थांबवता लांबूनच म्हणायचं, "गप्प बस." थांबलं तर मुकादम बोलायचा. दिवसातून वीस वेळा, वर्षभर, गप्प बस. राहात्याच्या शाळेत मॅट्रिक झालेली आई, आणि तिनं लेकीला दिलेला पहिला धडा हा. पोर आज्ञाधारक निघाली, तिचा काय दोष?

सासू गोजरबाई हे ऐकून घेत नसत. "हिचा बाप बी चार वर्साचा हुईस्तवर मुका हुता," त्या म्हणत. "आता बग. गप बस म्हनलं तर बसतो का?"

हिचा बाप म्हणजे राधाकृष्ण. तो दिवाळी झाल्यावर बैलगाडी घेऊन साखर कारखान्यावर ऊस ओढायला गेला होता, तो आता शिमग्यालाच येणार. वस्तीवर या दोघी बायका आणि ही मुकी पोर. आणि ओढ्यापलीकडे, वरच्या रानात, दोन सालांच्या कोरड्या आभाळानंतर आलेली पहिली ज्वारी. पुरुषभर उंच, पांढऱ्या कणसांची. ती पाखरांपासून राखायची होती. गोजरबाईंचे गुडघे माळ्याची शिडी चढू देत नव्हते, म्हणून राखण सुनेकडे आली.

विजयमालेला वाटलं, बरंच झालं. महिना-दीड महिना, दिवसभर, आई आणि लेक एका माळ्यावर. दुसरं काम नाही, लुडबूड करायला कोणी नाही. पुष्पीला तिथंच बोलतं करायचं.

२

राखणीचा माळा म्हणजे चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेला, जेमतेम बाजेएवढा ओटा. वर कडब्याचं छप्पर. खाली सगळीकडे ज्वारीच ज्वारी. वारा आला की सबंध रान एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं.

उजाडायच्या सुमाराला ती पोहोचायची. आधी पुष्पीला वर चढवायचं आणि कमरेला बांधायचं. गोजरबाईंच्या जुन्या लुगड्याच्या काठाची हिरवी पट्टी होती. एक टोक पोरीच्या कमरेला, दुसरं मेढीला. गाठ गोजरबाईंनी स्वतः शिकवली होती, बैलाच्या दाव्याची. ओढावी तशी आवळत जाणारी. संध्याकाळी ती सोडताना विजयमालेला दात लावावे लागत, आणि घरी गेल्यावर पोरीच्या कमरेवर उठलेल्या वळाला खोबरेल. बांधताना रोज तिला ती बाभूळ आठवायची. पण माळ्यावर राखण करणारी प्रत्येक आई असंच करते, हे ती स्वतःला रोज सांगायची.

मग डबा बडवायचा, हाऽऽ हाऽऽ करून ओरडायचं आणि गोफण फिरवायची. गोफणीशी तिचं जमलं नाही. पहिल्या दिवशी दगड पुढं जायच्या ऐवजी मागं गेला. तो बांधापलीकडच्या छबूबाईंच्या माळ्याच्या छपरावर पडला, आणि तेव्हापासून छबूबाई तिला मास्तरीणबाई म्हणायला लागल्या.

"मास्तरीणबाई, पाखरं तिकडं हायती," त्या आपल्या माळ्यावरून ओरडायच्या. "आमाला मारून जोंदळा राखनार हाईस काय?"

छबूबाईंचा आवाज दोन रानं ओलांडून येई. त्यांना दिवसभर बोलायला माणूस लागे, आणि समोर दिसेल ते माणूस चाले.

ऊन वर आलं की पाखरं ओढ्याच्या झाडांत जाऊन बसत. तेव्हा धडे. ऊन पाठीवर घ्यायचं आणि तोंड सावलीकडे, पश्चिमेकडे. पुष्पीला मांडीवर घ्यायचं आणि म्हणायचं, "म्हण, आई." आणि मग श्वासभर थांबायचं, उत्तराला जागा ठेवून. "म्हण, पाणी." थांबायचं. "म्हण, चिमणी." थांबायचं. शब्द झाले की वाक्यं. "पुष्पी कुठे आहे? पुष्पी माळ्यावर आहे." हा खेळ मुळात गोजरबाईंचा. घरी त्या पदर तोंडावर घ्यायच्या, बाजूला करायच्या आणि विचारायच्या, पुष्पी कुठं हाय? विजयमालेनं त्याचा धडा केला, आणि हायचं आहे केलं. शिकल्याचा तेवढा उपयोग.

पुष्पी ओठांकडे टक लावून बघायची. तिचे ओठ मिटलेलेच असायचे.

३

रानाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात, ओढ्याच्या अंगाला, दहा-बारा ओळींचा एक तुकडा होता. तो राखायचा नाही, असं गोजरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिकडं डबा बडवायचा नाही, गोफण मारायची नाही, काढणीला विळा लावायचा नाही. तो पाखरांचा वाटा. सासऱ्यांच्या आधीपासून दरसाल सोडत आलेत. विजयमालेला ते आवडलं होतं. शेतकऱ्याचं मन मोठं असतं वगैरे निबंधात लिहितात ते खरं आहे म्हणायचं, असं तिच्या मनात आलं होतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की वाट्यावर पाखरं बसत नाहीत.

आधी तिला स्वतःच्याच नजरेचा संशय आला. पाखरांच्या बाबतीत तिची नजर आणि नेम दोन्ही सारखेच. म्हणून ती दिवसभर पाहत राहिली. भोरड्यांचे थवे येत होते, हजार-हजार पाखरांचे, आभाळात घोंगडी झटकल्यासारखे. ओढ्यावरून ते खाली उतरत यायचे आणि त्या कोपऱ्यावर आले की मधोमध फाटायचे. ओढ्यातल्या खडकाला पाणी वळसा घालतं तसे दोन्ही बाजूंनी जायचे आणि अलीकडे येऊन पुन्हा एक व्हायचे. एकही पाखरू त्या दहा-बारा ओळींवरून जात नव्हतं. चिमण्या नाहीत, होले नाहीत.

आणि तरीही वाट्याच्या मधली कणसं कमी होत होती. कडेची ताटं भरलेली, डुलत उभी, आणि मध्ये एक भोक. रोज थोडं मोठं होणारं.

संध्याकाळी भाकरी थापत असलेल्या गोजरबाईंना तिनं हे हसत हसत सांगितलं. म्हणाली, आत्याबाई, तुमची पाखरं लाजाळू दिसतात, पाहुणचार घेत नाहीत. गोजरबाईंचे हात पिठावर थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांनी उलटली नाही. त्यांच्या हातची करपलेली भाकरी विजयमालेनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"मागल्या साली वाटा दिला न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "देयाला हुतं काय? आमीच सरकारी सुकडी खाऊन जगलो."

मग भाकरीकडे बघत, "तू पोरीला शिकवतीस ते कुनीकडं तोंड करून?"

"सावली असते तिकडे. त्या कोपऱ्याकडेच."

"उद्यापासून दुसरीकडं कर."

कारण विचारलं तर त्या म्हणाल्या, ऊन लागतं पोरीला. ऊन तर दुसरीकडे तोंड केलं की लागणार होतं. विजयमालेनं एक दिवस पूर्वेकडे तोंड करून धडे घेतले. पुष्पीचे डोळे उन्हानं पाणावले, आणि ती सारखी मान मागं वळवून कोपऱ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी विजयमालेनं पहिल्यासारखं केलं. गोजरबाईंना सांगितलं नाही.

४

नंतर एकदा दुपारी छबूबाईंनी बांधापलीकडून हाक दिली. पेढे कधी देतेस, म्हणाल्या.

विजयमालेला वाटलं, हे काहीतरी दुसऱ्या खेपेबद्दलचं असणार. नवरा दोन महिने घरी नाही, त्यावरून छबूबाईंच्या जिभेला चेव चढलेला असतो. तिनं हात हलवून उडवून लावलं.

"तसले न्हाईत गं," छबूबाई म्हणाल्या. "पोर बोलायला लागली तुजी. मला आइकू येत न्हाई व्हय? काल दुपारभर आई आई करीत हुती. गोड आवाज हाय. बापावर न्हाई गेली, बरं झालं."

विजयमाला मांडीवरच्या पुष्पीकडे बघत राहिली. पुष्पी फळीवरच्या मुंगीकडे बघत होती.

काल दुपारी पुष्पी काही बोलली नव्हती. आज नाही, कधीच नाही. ते आपणच बोलत होतो, असं विजयमालेनं ओरडून सांगितलं. त्यावर छबूबाई म्हणाल्या, तुझा आवाज मला ठावा आहे, फुटक्या डब्यावानी. मी लहान पोरीचा म्हणतेय. मग त्यांच्या रानात थवा उतरला आणि त्या त्याला शिव्या घालायला वळल्या.

त्या संध्याकाळी घरी विजयमालेनं पुष्पीसमोर बसून आई म्हण, आई म्हण असं इतक्या वेळा म्हटलं की पोरीचे ओठ थरथरायला लागले आणि गालावर पाणी आलं. तिला पोटाशी धरून विजयमाला डोक्यात हिशेब जुळवत राहिली. प्रतिध्वनी असेल. प्रतिध्वनीला डोंगर लागतो, आणि इथं दहा मैलांत उंच म्हणावं असं काही नाही. छबूबाईंचे कान? त्यांना बांधापलीकडच्या घरातली कुजबूज ऐकू येते. मग त्यांनी थट्टा केली असेल. हे तिला पटलं. पटलं म्हणून तिनं दिवा मालवला, आणि मग बराच वेळ छपराकडे बघत पडली.

५

दुसऱ्या दिवशी तिनं धडा नेहमीसारखाच घेतला. फक्त उत्तरासाठी ठेवलेल्या जागेत, इतके दिवस ती पुष्पीच्या ओठांकडे बघायची, त्याऐवजी तिनं डोळे मिटले आणि ऐकलं.

"म्हण, आई."

पानांची सळसळ. लांबवर छबूबाईंचा डबा. आणि त्या दोन्हींच्या खाली, इतकं हळू की कानातलाच आवाज वाटावा, "आई."

तिनं डोळे उघडले. पुष्पीचे ओठ मिटलेले होते. ती कोपऱ्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर हसू होतं; खेळातला गडी समोर आल्यावर असतं तसं.

"म्हण, पाणी," विजयमाला म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

"पानी," ज्वारीतून आलं. आणि मग थोडं थांबून, सुधारून, "पाणी."

नंतर तिनं पुष्कळदा आठवून पाहिलं, आणि दर वेळी तिला स्वतःचीच लाज वाटली. भीतीच्या आधी तिच्या मनात जे उमटलं, ते कौतुक होतं. पंधरा दिवसांत इतकं शिकलं. कोणीतरी शिकलं.

तिनं धडे बंद केले. पाखरांना ओरडणंही बंद केलं. नुसता डबा बडवायची. घरी गोजरबाईंना काय सांगणार होती? तुम्ही सांगितलेलं ऐकलं नाही, हे आधी सांगावं लागलं असतं. आणि पुढचं सांगितलं तर त्या म्हणतील, शिकून शिकून डोकं फिरलं. ते कदाचित खरंही असेल. दोन दिवस माय-लेकी माळ्यावर गप्प बसून राहिल्या. वाट्यातलं भोक वाढत वाढत कडेच्या ओळींना आलं.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. छबूबाईंचा माळा रिकामा. दुपार टळून गेली, पाखरं ओढ्याच्या झाडांत गप्प झाली, वारा पडला. आणि कोणी न विचारता कोपऱ्यातून आवाज आला. लहान पोरीचा, पण चाल विजयमालेची. शब्दाच्या शेवटी ती किंचित वर चढायची, तशी.

"पुष्पी कुठे आहे?"

मग श्वासभर शांतता. उत्तराला ठेवलेली जागा.

पुष्पीनं दोन्ही हात आपल्या तोंडावर दाबून धरले.

"पुष्पी कुठे आहे?" पुन्हा आलं. पुन्हा जागा. मग आवाज चिरका झाला, भुकेजल्या पोरासारखा. "आई. आई. पाणी. आई."

विजयमालेच्या डोक्यात एकदम लख्ख पडलं आणि तिला रडूच आलं. पोर आहे. कुणाचं तरी पोर आहे हे. ऊसतोडीला चाललेल्या एखाद्या तांड्यातून चुकलेलं, नाहीतर मेंढ्यांमागून राहिलेलं, त्या दहा-बारा ओळींत दडून कच्ची कणसं खाऊन जगतंय. पाखरं माणसाच्या वासानं जवळ जात नाहीत. कणसं म्हणून कमी होतात. रोज माझं ऐकतं, म्हणून शिकलं. सगळं जुळलं, काही शिल्लक राहिलं नाही. आणि आपण तीन दिवस ते ऐकून दगडासारख्या वर बसलो. एका पोराला बाभळीखाली रडू दिलं, ते पुरे झालं नव्हतं.

ती शिडीवर पाय ठेवून उतरायला लागली. पुष्पीनं तिचा पदर धरला. आधी कधी धरला नव्हता इतका घट्ट. डोळे मोठे झालेले, ओठ थरथरत होते. विजयमालेनं एकेक बोट सोडवलं. पट्टीची गाठ एकदा ओढून पाहिली, ती पक्की होती.

"गप्प बस," ती म्हणाली, "मी आलेच." शब्द तोंडातून गेले आणि मग तिला कळलं, कुठले शब्द ते.

६

माळ्यावरून रान म्हणजे एक उघडं, हलतं पाणी. आत शिरल्यावर दोन पावलांत आभाळ जातं. पानं दंडावर, गालावर चरचरत होती. तिला वाटलं होतं शंभर पावलं असतील. ती मोजत निघाली आणि मोजणं विसरली. एका जागी थांबून तिनं विचारलं, "कुठे आहेस?" उत्तर आलं नाही. पण पुढं, गुडघ्याच्या उंचीवर, ताटं हलली. वाट दाखवावी तशी एकामागून एक.

वाट्याच्या ओळी लागल्या तशी सळसळ थांबली. इथं पानांना आवाजच नव्हता. ताटं होती, पण एकेक वाकवून, शेंडा जमिनीला टेकवून कणीस काढलेलं. पाखरू दाणे टिपतं, अर्धे सांडतं. इथं खाली एक दाणा सांडलेला नव्हता. कणसांची रिकामी बोंडंसुद्धा चोखून पांढरी केलेली, आणि ती सगळी एका ओळीत मांडलेली, लहान पोरं दगड मांडतात तशी.

मध्ये घमेल्याएवढी जागा चोपून गुळगुळीत केली होती. तिथं तिच्याकडे पाठ करून एक पोर बसलं होतं. पिवळ्या फुलांचं झबलं. विजयमालेनं स्वतः शिवलेलं, डाव्या बाहीला कापड पुरलं नाही म्हणून ती बाही आखूड राहिलेलं. मानेवर केसांची तीच बट.

"पुष्पे?"

पोरीनं मान वळवली. पुष्पीच होती.

उतरली कशी? गाठ सुटली कशी? पडली असेल, माळ्यावरून पडली असेल, आणि घसटत माझ्याआधी इथं आली असेल. तिनं पोरीला उचललं, हातपाय चाचपले. कुठं खरचटलेलंही नव्हतं. बाकी कोणी पोर नव्हतं तिथं. आवाज नव्हता. दुसऱ्या कोणाची वाट बघायला ती थांबली नाही. ओढ्याच्या बाजूनं वाट जवळ होती, कोपऱ्यातून चार पावलांवर. ती तिकडून बाहेर पडली आणि घराच्या दिशेनं पळत सुटली. डबा, गोफण, पाण्याचा तांब्या सगळं वर राहिलं. सूर्य समोर, ओढ्यापलीकडे उतरला होता. एकदा मागं बघावंसं वाटलं, पण बघितलं तर त्या कोपऱ्यात काहीतरी दिसेल, या भीतीनं तिनं बघितलं नाही.

ओढा ओलांडताना तिला जाणवलं, पोर जड लागतेय. दमल्यामुळे असेल. आणि मंगळसूत्र मानेला टोचत नव्हतं. पोरीचे दोन्ही हात खाली लोंबत होते, मोकळे. घाबरलीय, विजयमालेनं मनाशी म्हटलं. घाबरल्यावर माणूस हातपाय गाळतं.

७

घरी पोहोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. गोजरबाई देवापाशी निरांजन लावत होत्या. सुनेचा अवतार बघून त्यांनी विचारलं, काय झालं, तांब्या कुठाय? विजयमाला म्हणाली, पोर माळ्यावरून पडली, पण लागलं नाही कुठं. बाकीचं तिनं उद्यावर टाकलं. उद्या छबूबाईंना बरोबर घेऊन त्या ओळी विळ्यानं साफ करायच्या, वाटा म्हणून काही ठेवायचंच नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

पाणी तापवून तिनं पोरीचे पाय धुतले. तळवे स्वच्छ होते. मग रोजच्यासारखी खोबरेलाची वाटी घेऊन झबलं वर केलं, कमरेच्या वळाला लावायला. पट्टी नव्हती. ती सुटलेलीच असणार, तिला ठाऊकच होतं.

वळही नव्हता.

तिनं दिवा जवळ ओढला. कमर एका अंगानं, दुसऱ्या अंगानं पाहिली. तीन आठवडे रोज आवळून बांधलेल्या जागी कातडी तुळतुळीत होती. तेलाचं बोट हवेत तसंच राहिलं.

गोजरबाई समोर येऊन बसल्या. पोर घाबरलीय तर तिला हसवावं म्हणून त्यांनी पदर तोंडावर घेतला, बाजूला केला.

"पुष्पी कुठं हाय?"

पोरीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती वळली आणि उघड्या दारातून, अंगणापलीकडे, ओढ्याच्या दिशेला बघत, स्वच्छ आणि शेवटाला किंचित वर चढणाऱ्या आवाजात म्हणाली,

"पुष्पी माळ्यावर आहे."

गोजरबाईंच्या डोळ्यांना धार लागली. बोलली, बोलली माजी बाय, म्हणत त्यांनी तिचं तोंड कुरवाळलं, बोटं आपल्या कानशिलावर मोडली. उद्या राधाकृष्णाला पत्र टाक म्हणाल्या, छबूला पेढे दे म्हणाल्या. विजयमालाही हसली. धडा आहे तो, तिनं स्वतःला सांगितलं. मीच शिकवलेला, रोजचा. पोपटासारखा पाठ झालेला, म्हणून घरी बसूनसुद्धा माळ्यावरच म्हणते. पहिल्यांदा बोलणाऱ्या पोरीला इथं आणि तिथं काय कळतंय? अगदी बरोबर आहे. उच्चारसुद्धा बरोबर आहे. तिनं तेलाचं बोट पदराला पुसलं, पुन्हा पुसलं. बाहेर अंधार ओढ्यापर्यंत आला होता, आता पलीकडे गेला असेल.

"बोल, माजे बाय," गोजरबाई म्हणत होत्या. "आजून बोल."

पोरीनं मान वळवली. या खेपेला ती आजीकडे नाही, विजयमालेकडे बघत होती. आणि ती जे म्हणाली ते कुठल्याच धड्यात नव्हतं.

"गप्प बसलीय. तू सांगितलंस ना तिला."